लोखंडाची संयुजा दोन की तीन? मोरचूद, हिराकस आणि शेंदुरापासून सुरुवात

"मॅडम, लोखंडाची संयुजा दोन का तीन? काहीतरी एक सांगा न जी!"

नववीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी उलट विचारते, "कोणतं लोखंड? हिराकसातलं की गंजातलं?" वर्ग गप्प होतो. संयुजा म्हणजे अणू किती बंध करतो तो आकडा. तिच्या तक्त्यात सोडियमपुढे १ असतो, कॅल्शियमपुढे २ असतो, आणि लोखंडापाशी आलं की "२, ३". पोरांना वाटतं, छापणाऱ्याचंच नक्की ठरलं नव्हतं.

माझं माहेर वरूड तालुक्यातलं, घरी संत्र्याची बाग. सासर तुमसरकडचं, मँगनीजच्या खाणींच्या शेजारचं. त्यामुळे चल संयुजा, म्हणजे एकाच धातूची बदलती संयुजा, मला पुस्तकाच्या आधी फवारणीच्या ड्रममध्ये दिसली होती. तिला असं काही नाव आहे हे तेवढं माहीत नव्हतं. नववी-दहावीची पोरं, पहिल्यांदाच विज्ञान शिकवायला उभे राहिलेले शिक्षक आणि मुलांचा अभ्यास घेता घेता अडकलेले आईबाप यांच्यासाठी, मी वर्गात ज्या क्रमानं जाते तोच क्रम इथं लिहिते आहे. पाठांतर शेवटी, आधी हात ओले करायचे.

सामान

मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि हिराकस (फेरस सल्फेट) कृषी केंद्रात मिळतं. आपल्याला पन्नास-पन्नास ग्रॅम पुरे, पण तेवढंसं कोणी सुटं देत नाही. बागवाल्याच्या घरून वाटीभर मागून आणणं सोपं. मेडिकलमधून पोटॅशियम परमँगनेटची डबी घ्या, म्हणजे विहिरीत टाकतात ते लाल औषध. पानठेल्यावरचा खायचा चुना, दोन-तीन लिंबं, ग्लुकोज पावडर, चार लोखंडी खिळे, घासायला पॉलिश पेपर आणि सहा-सात काचेचे ग्लास एवढं जमवा. हे ग्लास पुन्हा पाणी प्यायला वापरायचे नाहीत, हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर बोलणी बसतात.

मोरचूद पोटात गेलं तर विष आहे. चव बघायची नाही, हात लगेच धुवायचे. लाल औषधाचे कोरडे खडे ग्लिसरीनला लागू देऊ नका, आग लागते. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये तर अजिबात टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. बाकी सगळं पाण्यात पातळ करून, दारं-खिडक्या उघडी ठेवून करायचं.

पायरी १ : खिळा बुडवा

ग्लासभर पाण्यात हरभऱ्याएवढे चार-पाच खडे मोरचूद विरघळवा. पाणी निळं होईल. खिळा घासून चकचकीत करा, त्यात सोडा आणि बघत बसा. दोन-तीन मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर धरतो. वर्गात या वेळी हमखास कोणीतरी ओरडतं, "खिळा तांब्याचा झाला!" झालेला नसतो. नखानं खरवडलं की आतलं लोखंड जागेवर असतं. तांबं पाण्यातून येऊन वर बसलेलं असतं.

संत्र्याच्या पट्ट्यात ही गोष्ट शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असते. डिंक्या, म्हणजे झाडाला डिंक सुटायचा बुरशीचा रोग, आला की बोर्डो मिश्रण करतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५०-५० लिटर पाण्यात दोन्ही वेगवेगळं कालवायचं आणि मग ढवळत ढवळत तिसऱ्या ड्रममध्ये एकत्र ओतायचं. मिश्रण तयार झालं की बाबा मला हाक मारायचे. "इळा बुडवून पाय बाई. तांबडा झाला त चुना कमी हाय." इळ्याचं पातं तांबूस झालं की आणखी चुना पडायचा, पुन्हा इळा बुडायचा. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पाण्यात उरतं आणि कोवळी पानं करपतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांच्या केवडा या बुरशीच्या रोगावर मिलार्दे या शास्त्रज्ञानं १८८५ साली जाहीर केलेली ही कृती. आमच्या आवारात ती इळ्याच्या टोकावर तपासली जायची.

इळ्यावर घडतं ते असं. मोरचुदातल्या तांब्याच्या प्रत्येक अणूकडे दोन इलेक्ट्रॉन कमी असतात. लोखंडाचा अणू स्वतःचे दोन इलेक्ट्रॉन त्याला देतो आणि पाण्यात उतरतो. तांब्याचा अणू ते घेऊन धातू बनतो आणि पात्यावर बसतो. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, मिळवणं म्हणजे क्षपण. या सगळ्यात ऑक्सिजन कुठंही नाही, तरी नाव ऑक्सिडीकरण. जुन्या काळी या अभिक्रिया ऑक्सिजनबरोबरच ओळखीच्या झाल्या, नाव चिकटलं ते चिकटलं. पोरांना याचा फार त्रास होतो, म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

म्हणूनच बोर्डो मिश्रण लोखंडी टोपल्यात कालवत नाहीत.

पायरी २ : हिशेब मांडा

आता वही घ्या. एखाद्या संयुगात धातूच्या अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावले, हा आकडा म्हणजे त्याचा ऑक्सिडीकरण अंक. गमावले तर अधिक, मिळवले तर उणे. आकडा काढायला फार नियम लागत नाहीत. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य; खिळ्यातलं लोखंड शून्य, तारेतलं तांबं शून्य. संयुगात ऑक्सिजन बहुतेक वेळा उणे २, हायड्रोजन बहुतेक वेळा अधिक १. सोडियम, पोटॅशियम अधिक १. कॅल्शियम, मॅग्नेशियम अधिक २. अख्खं सल्फेट मूलक उणे २, क्लोराईड उणे १. आणि अख्ख्या संयुगाची बेरीज शून्य आली पाहिजे. बस.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. सल्फेट उणे २, म्हणून तांबं अधिक २. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, तिथंही लोखंड अधिक २. गंजात पाणी असतं ते बाजूला ठेवलं तर लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. ऑक्सिजनचे मिळून उणे ६, म्हणून लोखंडाच्या दोन अणूंचे अधिक ६, एकाचे अधिक ३. हेच सूरजागडच्या डोंगरातल्या हेमॅटाइटचं. गडचिरोलीतून ट्रकनं जाणारं ते खनिज आणि तुमच्या फाटकाचा गंज, दोन्हींतलं लोखंड एकाच अवस्थेतलं.

लाल औषधात पोटॅशियमचा एक अणू, मँगनीजचा एक, ऑक्सिजनचे चार. ऑक्सिजनचे उणे ८, पोटॅशियमचा अधिक १, राहिले ७. मँगनीज अधिक ७! वर्गात या आकड्याला पोरं दचकतात, आणि दचकायलाच हवं. एका अणूवरून सात इलेक्ट्रॉन सगळेच्या सगळे खरोखर निघून जात नाहीत. ऑक्सिजनबरोबर त्यांची भागीदारी असते. पण ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून कागदावर ते सगळे ऑक्सिजनच्या नावे चढवायचे असा करार आहे. ऑक्सिडीकरण अंक ही खातेवही आहे, अणूवरचा खरा विद्युतभार मोजायचा काटा नव्हे.

इथंच संयुजा आणि ऑक्सिडीकरण अंक यांतला फरकही कळतो. संयुजेला अधिक-उणे नसतं. अणूनं किती बंध केले तेवढीच ती. हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये ऑक्सिजन दोन बंध करतो म्हणून संयुजा २, पण एक बंध दुसऱ्या ऑक्सिजनशीच असल्यामुळे अंक उणे १. भावाभावांच्या उधारीची खात्यात नोंद होत नाही, तसं. नववीला दोन्ही आकडे बहुधा सारखे येतात, त्यामुळे चालून जातं. अकरावीत मात्र अडतं.

पायरी ३ : हिराकस शिळं होऊ द्या

मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा प्रयोग. दोन ग्लासांत पाणी घ्या, प्रत्येकात अर्धा चमचा हिराकस. ताजं असेल तर पाणी फिकट हिरवट दिसेल. डबीतच पिवळट-तांबूस भुकटी झालेलं असेल तर ते आधीच बिघडलंय, दुसरं आणा. आता एका ग्लासात अर्धं लिंबू पिळा. दुसऱ्यात चुन्याची निवळी ओता, म्हणजे चुना पाण्यात कालवून खाली बसल्यावर वर राहतं ते स्वच्छ पाणी.

निवळीच्या ग्लासात लगेच मळकट हिरवा साका धरतो. ढवळू नका, तसाच राहू द्या. थोड्या वेळानं वरचा पृष्ठभाग, जिथं हवा लागते तिथंच, तांबूस व्हायला लागतो आणि तो तांबडेपणा हळूहळू खाली उतरतो. ग्लास डोळ्यांसमोर धरा. वर तांबूस, खाली हिरवट, मध्ये एक अस्पष्ट रेघ. लोखंड अधिक २ वरून अधिक ३ वर जाताना असं उघड्या डोळ्यांनी दुसरीकडे क्वचितच दिसतं. लिंबाच्या ग्लासात मात्र पाणी बराच वेळ तसंच राहतं, कारण आम्लात हे ऑक्सिडीकरण फार सावकाश होतं.

आमच्या बागेत हाच प्रयोग एकदा चुकून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये झाला. नवतीची पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. बाबांनी हिराकस आणलं. सकाळी लवकर फवारायचं म्हणून रात्रीच कालवलं, वर चुन्याची निवळीही मिसळून ठेवली. सकाळी ड्रमच्या तळाला विटकरी गाळ. तसंच फवारलं तर पंपाचं नोझल चोंदलं, आणि पानं होती तशीच पिवळी. "शिळं झालं औषध," एवढंच बाबा म्हणाले. शब्द अगदी बरोबर होता. वजन करून बघितलं असतं तर लोखंड तेवढंच भरलं असतं, पण ते सगळं अधिक ३ होऊन खाली बसलं होतं आणि पानाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे हिराकस कालवलं की त्याच तासात फवारतात.

मुळात पानं पिवळी पडतात तीही याच कारणानं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोखंड भरपूर असतं, पण अधिक ३ च्या अवस्थेत, आणि अशा जमिनीत ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. संत्र्याची मुळं त्याला अधिक २ वर आणून मगच आत घेतात. जमिनीत चुना जास्त असेल तर मुळांना हे जमत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर लोह किती आहे हे बघितलं तरी झाडाला कोणतं मिळतंय हा प्रश्न उरतोच.

हापशीचं पाणीही असंच. काही गावांत पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि रात्रभर बादलीत राहिलं की तळाला तांबडा गाळ बसतो. जमिनीच्या पोटात हवा नसते, तिथं लोखंड अधिक २ होऊन विरघळलेलं असतं. वर आलं, हवा लागली, अधिक ३ झालं, खाली बसलं. म्हणून असं पाणी उंचावरून ओतून, निवळू देऊन, गाळून घेतात.

आशाताई लोहाच्या गोळ्या वाटताना सांगतात की चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या. त्या गोळीत लोखंड अधिक २ असतं, कारण आपलं आतडं तेच नीट शोषतं. जीवनसत्त्व क लोखंडाला अधिक २ वर ठेवायला मदत करतं. चहातलं टॅनिन त्याला बांधून टाकतं. विश्वास नसेल तर कोऱ्या चहात चिमूटभर हिराकस टाका. चहा शाईसारखा काळा होतो, आणि पूर्वी हिरडा-हिराकसाची शाई अशीच करत. लोखंडी कढईत केलेली आवळ्याची भाजी काळी पडते तेही याच जातीचं.

पायरी ४ : का, ते आता विचारा

इतकं बघून झालं की मग फळ्यावर इलेक्ट्रॉनची मांडणी काढायची, आधी नाही.

सोडियम : २, ८, १. बाहेरचा एक गेला की खाली भरलेलं कवच लागतं. मोलमागे पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला ४५६२. नऊपट! म्हणजे भिंतच. म्हणून सोडियमची संयुजा १ आणि विषय संपला.

लोखंड : २, ८, १४, २. पहिला ७६२, दुसरा १५६२, तिसरा २९५७. चढ आहे, पण भिंत नाही. बाहेरचे दोन गेल्यावर जो तिसरा जातो तो आतल्या कवचातला असतो. त्या चौदातल्या वरच्या सहांची ऊर्जा बाहेरच्या दोघांपेक्षा फार वेगळी नसते. मग तिसरा द्यायचा की नाही हे समोर कोण आहे, पाणी आम्ल की अल्क, हवा आहे की नाही, यावर ठरतं. काढायला लागलेली ऊर्जा नव्या बंधांतून वसूल झाली तर इलेक्ट्रॉन जातो. तिसरा गेला की आतल्या त्या गटात बरोबर पाच उरतात, अर्धा भरलेला गट, आणि अशी मांडणी टिकाऊ असते. गंज इतक्या सहज का होतो याचं एक कारण हेही.

मँगनीज : २, ८, १३, २. बाहेरचे दोन आणि आतले पाच मिळून सात. वर काढलेला तो दचकवणारा ७ इथून येतो. आठवा नाहीच द्यायला.

पायरी ५ : मँगनीजची शिडी

१८९६ मध्ये मध्य प्रांतातल्या मँगनीजसाठी एक ब्रिटिश कंपनी निघाली. १९६२ मध्ये तिच्यातून आजची मॉइल ही सरकारी खाण कंपनी उभी राहिली. तुमसर तालुक्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, रामटेककडचं मनसर आणि कांद्री ही नावं आमच्याकडे पोरांना गावांच्या आधी खाणी म्हणून माहीत असतात. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात मँगनीज डायऑक्साईड भरपूर असतं. जुन्या काळचा टॉर्च आठवा, त्यातला सेल फोडला की हात काळे करणारी भुकटी निघायची, तीच ही. ऑक्सिजनचे दोन म्हणजे उणे ४, मँगनीज अधिक ४. टॉर्च पेटतो तेव्हा मँगनीज ४ वरून ३ वर उतरतं आणि सेलचं जस्ताचं कवच शून्यावरून २ वर चढतं.

आता लाल औषध. ग्लासभर पाण्यात दोनच खडे. जास्त टाकलं तर रंग इतका गडद होतो की पुढचं काही दिसत नाही. जांभळं पाणी तीन ग्लासांत वाटा. एक तसंच ठेवा, तुलनेला. दुसऱ्यात चमचाभर ग्लुकोज पावडर टाकून बाजूला ठेवा. तिसऱ्यात लिंबू पिळून ढवळा.

लिंबाचा ग्लास आधी बोलतो. जांभळा तपकिरी-पिवळट होतो आणि मग पाणी जवळजवळ नितळ. मँगनीज ७ वरून पार २ वर उतरलं. ग्लुकोजचा ग्लास धीरानं घेतो. बराच वेळानं त्यात तपकिरी झाक येते, पुढं गाळ बसतो. इथं आम्ल नाही, म्हणून मँगनीज ४ वर थांबलं. म्हणजे ग्लासाच्या तळाशी बसलेला गाळ आणि डोंगरी बुजुर्गच्या ढिगाऱ्यातलं काळं खनिज रासायनिकदृष्ट्या सख्खे. हे सांगितल्यावर खाणीवर जाणाऱ्या बापाच्या एका मुलीनं तो ग्लास घरी न्यायला मागितला होता. झाकण लावून दिला.

मध्ये ६ चा हिरवा रंगही आहे, पण त्याला कॉस्टिक सोडा लागतो. तो शाळेच्या प्रयोगशाळेत, चष्मा लावून.

पायरी ६ : फरक एकाचा की दोनाचा

खरे जड धातू, शिसं, पारा, बिस्मथ, यांना हात न लावता शिकायचं. पुष्कळ जण ५ च्या वर घनता असलेल्या धातूला जड म्हणतात, त्या मापानं लोखंड (७.९) आणि तांबंही (८.९) जडच. पण शिसं (११.३) नि पारा (१३.६) शरीरात साठतात, म्हणून यांचे प्रयोग फक्त वहीत.

गावच्या मारुतीचा शेंदूर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड; शिशाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. बाजारातल्या पुडीत आज काय असेल सांगता येत नाही, पण शिसं असू शकतं म्हणून लहान मुलांच्या हाती ती नको. हिशेब करा. ऑक्सिजनचे उणे ८, तीन शिशांचे अधिक ८, एकाचे आठ भागिले तीन. अपूर्णांक!

आता रेतीत लोहचुंबक फिरवा. त्याला चिकटणारे काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे. लोखंडाचे तीन, ऑक्सिजनचे चार. पुन्हा आठ भागिले तीन.

अणू अर्धा-पाऊण इलेक्ट्रॉन देत नाही. सरासरी अपूर्णांकात आली याचा अर्थ तिघे सारखे नाहीत. मॅग्नेटाइटमध्ये एक लोखंड २ वर, दोन ३ वर. २ आणि ३ आणि ३ मिळून ८. शेंदुरात दोन शिसं २ वर, एक ४ वर. २ आणि २ आणि ४ मिळून तेही ८. बेरीज तीच, वाटणी वेगळी. शिशानं ३-३-२ अशी वाटणी का केली नाही? कारण शिसं ३ वर सहसा थांबतच नाही.

लोखंड, तांबं, मँगनीज यांचे आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन एकेक करून जातात, म्हणून तिथल्या अवस्था एकेकानं वाढू शकतात. तांबं १ आणि २, लोखंड २ आणि ३. शिशाची बाहेरची मांडणी ४, पण ते चार दोन जोड्यांत आहेत. एक जोडी सुटी व्हायला तयार, दुसरी केंद्रकाला घट्ट धरून बसलेली. पहिली गेली तर २, दोन्ही गेल्या तर ४. मधलं काही नाही. कथिलाचं २ आणि ४, बिस्मथचं ३ आणि ५, थॅलियमचं १ आणि ३, सगळीकडे उडी दोनाची. जसजसा धातू जड तसतशी ती आतली जोडी अधिक हट्टी. कथिल ४ वर सुखानं राहतं, शिसं मात्र ४ वरून २ वर यायला उतावीळ असतं.

या उतावीळपणावरच ट्रॅक्टर सुरू होतो. बॅटरीतल्या एका पाटीवर शिशाचा डायऑक्साईड, म्हणजे अधिक ४. दुसरीवर नुसतं शिसं, म्हणजे शून्य. स्टार्टर मारला की एक खाली येतो, दुसरा वर जातो, आणि दोघे २ वर भेटून लेड सल्फेट होतात. सल्फेट अ‍ॅसिडमधून येतं, म्हणून बॅटरी उतरली की अ‍ॅसिड पातळ होतं. बॅटरीवाला काचेच्या नळीतला तरंगता काटा बघतो तो हेच मोजतो. भरलेल्या बॅटरीत घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास. चार्जिंगला लावली की दोघे परत आपापल्या जागी, ४ आणि शून्य. एका घराचा दाब साधारण २.१ व्होल्ट, सहा घरं मिळून बारा-साडेबारा. २०११ साली शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं की या २.१ पैकी १.७ ते १.८ व्होल्ट आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे मिळतात. शिशाचं केंद्रक इतकं भारी की जवळून फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्शानं पळतात, आणि त्यामुळेच ती आतली जोडी आणखी घट्ट धरली जाते. हे वाचल्यापासून पेरणीच्या दिवसांत दीर ट्रॅक्टरला शिव्या घालत चावी फिरवतात तेव्हा मला हसू येतं.

पाऱ्याचं एक वेगळंच. मर्क्युरस संयुगात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांचा हात धरून असतात. प्रत्येकाचा अंक १, पण बंध दोन. पुढं अकरावीत भेटेल. आणि क्रोमियम ३ आणि क्रोमियम ६ यांतलं दुसरं कर्करोगकारक, पहिलं त्या मानानं सौम्य. पाण्यात क्रोमियम सापडलं अशी बातमी आली तर कितव्या अवस्थेतलं, हे आधी शोधा.

नावांची एक फसवणूक

फेरस २, फेरिक ३ हे पाठ झालं की पोरं "अस म्हणजे दोन, इक म्हणजे तीन" असा नियम करून टाकतात आणि परीक्षेत क्युप्रसला २ लिहितात. 'अस' म्हणजे त्या धातूची खालची अवस्था, 'इक' म्हणजे वरची, एवढंच. तांब्यात क्युप्रस १, क्युप्रिक २. शिशात प्लंबस २, प्लंबिक ४. मीही पहिल्या वर्षी फळ्यावर ही चूक केली होती, मागच्या बाकावरच्या मुलानं दाखवली. नव्या पद्धतीत कंसात रोमन आकडा लिहितात, ती बरी. आकडा समोर असतो, अंदाज नको. पण खताच्या पिशवीवर आणि औषधाच्या पाकिटावर 'फेरस' असंच छापलेलं असतं, म्हणून दोन्ही यायला हव्यात.

उरलेलं कुठं टाकायचं

मोरचुदाचं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना ते सोसत नाही. त्यात चुन्याची निवळी घाला, निळा साका बसू द्या, पाण्यात घासलेला खिळा सोडून तांबडा होत नाही ना हे बघा आणि मग गाळ कागदावर वाळवून प्लास्टिकच्या डबीत शाळेत जमा ठेवा. हिराकसाचं पाणी अंगणातल्या मातीत चालतं. जांभळ्या पाण्यात लिंबू पिळून रंग घालवा आणि भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या.

राहता राहिला ग्लुकोजचा ग्लास. त्याच्या आतून तपकिरी डाग धरलेला असतो, साबणानं जात नाही. बोटांवरही तसाच डाग पडला असेल. पिळून टाकलेली लिंबाची साल उचला आणि घासा. कोणत्या आकड्यावरून कोणत्या आकड्यावर गेला, ते वहीत तुम्हीच लिहा.